आणि भरल्यार कोण उपसतलो?

ऑफ-ग्रिड घर बांधलेल्या माणसाला भेटायला जाणं ही हल्ली एक ठरीव सहल झाली आहे. तो आधी तुम्हाला गच्चीवर नेतो. सौर पॅनेलचा कल किती अंशांचा आहे आणि तो तेवढाच का आहे, हे उन्हात उभं करून सांगतो. मग बॅटऱ्या. मग पावसाच्या पाण्याची टाकी, झाकण उघडून, आत डोकावायला लावून. मग मातीच्या भिंतीवरून तुमचाच हात धरून फिरवतो. चहा होतो आणि चहानंतर तुम्ही "जरा जाऊन येतो" म्हणून उठता. "तिकडे, डावीकडे," एवढंच तो म्हणतो. तासभर अंश, वॅट आणि लिटर सांगणाऱ्या माणसाकडे तिथून पुढे एक आकडाही नसतो. पॅनेलशेजारी उभे राहून फोटो काढणारे स्वावलंबी लोक पुष्कळ आहेत. मैलाटाकीच्या झाकणावर पाय ठेवून काढलेला फोटो माझ्या तरी पाहण्यात नाही.

शहरात हा प्रश्न पडत नाही. तिथे बटण दाबलं की आपला संबंध संपतो. एक माणूस वर्षाकाठी साधारण ५०० लिटर लघवी आणि ५० किलो शौच या जगाला देतो. जुन्या टाक्या एका दाबात दहा-बारा लिटर पाणी सोडून तो ऐवज महापालिकेच्या स्वाधीन करतात. पुढचं महापालिका आणि नदी बघून घेतात. पण जिथे वीज मंडळाची तार नाही, नळाची योजना नाही आणि पाणी आपल्याच विहिरीचं आहे, तिथे हा सगळा ऐवज आपल्याच सात-बारावर राहतो. उतरत्या वयात स्वतःशी ओळख करून घ्यावी म्हणून लोक गावी घर बांधतात. ती इतकी सखोल होईल याची कल्पना नसते.

आमची जागा कणकवलीच्या पुढे, सड्याच्या कडेला. जांभा दगड, एक बाव, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. सौरऊर्जेबद्दल सल्ला हवा म्हटल्यावर चारच लोक पुढे आले होते. संडासाबद्दल आम्ही कुणालाही काहीच विचारलं नव्हतं, तरी सगळे आले. या विषयाचं हेच वैशिष्ट्य आहे. आधी त्यावर कुणी बोलत नाही, आणि एकदा एकाने तोंड उघडलं की प्रत्येकाला त्यातलं कळतं. अनुभव सगळ्यांचाच दांडगा.

पहिला मान काकांचा. काका बांधकाम खात्यातून निवृत्त झाले असले तरी खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. "अरे, आय. एस. २४७० बघ," ते म्हणाले. हे सेप्टिक टँकचं भारतीय मानक. पाच माणसांच्या घराला आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि साधारण मीटरभर पाण्याची टाकी पुरते, हे काकांना पाढ्यांच्या आधी येत असावं. या टाकीचा जन्म फ्रान्समधला. वेसूल गावच्या मुरास नावाच्या गृहस्थाने १८६०च्या सुमारास घरचं सांडपाणी एका बंद टाकीत सोडलं आणि काही वर्षांनी उघडून बघितलं, तर आत घन असं जवळजवळ काही उरलंच नव्हतं. त्याने १८८१ मध्ये पेटंट घेतलं. टाकी बांधावी आणि विसरून जावं, ही कल्पना तेव्हापासून जगभर लोकप्रिय आहे. विशेषतः तिचा दुसरा भाग.

प्रत्यक्षात सेप्टिक टँकचा कारभार सरकारी कचेरीसारखा असतो. जेवढी आवक तेवढीच जावक, मधे फक्त मुरतं. एक बादली पाणी आत गेलं की एक बादली पाणी बाहेर पडतं, आणि बाहेर पडणाऱ्या बादलीत जंतू सुखरूप असतात. ते पाणी शोषखड्ड्यात किंवा जमिनीत मुरवायला हवं. आपल्याकडे ते बहुधा गटारात सोडतात आणि वर "आमच्याकडे टाकी आहे" असं अभिमानाने सांगतात. तळाला गाळ साचतो तो वेगळाच. दर दोन-तीन वर्षांनी तो उपसावा लागतो.

काकांनी वाळूत काठीने नकाशा काढला. आमचा गवंडी चिऱ्याच्या ढिगावर बसून तो बघत होता. कोकणातला गवंडी एकदम नाही म्हणत नाही. तो आधी सगळं ऐकून घेतो, विडी विझवतो आणि मग एकच प्रश्न विचारतो.

"ता सगळा बराबर, साहेबानू. पण भरल्यार कोण उपसतलो?"

"सक्शनची गाडी येते ना!" काका म्हणाले.

गवंड्याने वाटेकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. त्या वाटेने चिऱ्याचा टेंपोसुद्धा देवाचं नाव घेत येतो. काकांनी पायाने नकाशा पुसला.

दुसरा आला माझा पुण्याचा मित्र. तो पाण्याचा थेंबही वाया न घालवणाऱ्या पंथातला आहे. त्याचं म्हणणं, पाणी वापरायचंच कशाला? सुका संडास करा. शौच वेगळं, लघवी वेगळी. प्रत्येक वेळी वरून डावभर राख नाहीतर लाकडाचा भुसा. वर्ष-दीड वर्षात खत तयार. तत्त्व अगदी बिनतोड आहे. शरीरातून जाणारं बहुतेक नत्र लघवीत असतं आणि ती पातळ करून घातली तर झाडं खूश होतात. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की वास सुटतो, वेगळ्या ठेवल्या की सुटत नाही. पण या पंथाचा बराचसा अभ्यास कागद वापरणाऱ्या देशांत झालेला आहे. भारतीय माणूस संडासात तांब्या घेऊन शिरतो, आणि त्या तांब्याने सुक्या संडासाची सगळी गणितं ओली होतात.

यावरही उपाय निघालेला आहे. भांड्याला तीन वाटा ठेवायच्या. पुढची लघवीची, मधली शौचाची आणि मागची धुण्याच्या पाण्याची. मित्राने कागदावर पावलांच्या जागा काढून दाखवल्या. सासूबाई चष्मा लावून तो कागद बराच वेळ बघत होत्या.

"म्हणजे बसल्या बसल्या मागे सरकायचं?"

"थोडंसंच, मावशी."

"जावईबापू," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझ्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. मी येईन तेव्हा मला सरकवायला कोण येणार, तेवढं आधी ठरवा."

राखेचाही प्रश्न होताच. आमच्याकडे चूल नाही, त्यामुळे राख नाही. भुसा वखारीतून आणायचा, तर आषाढात कोकणात भुसा कोरडा ठेवायला वेगळं घर बांधावं लागेल. गवंड्याने या वेळी फक्त एवढंच विचारलं, "खत झाला तर बरा. पण ता पेटयेतसून कोण काढतलो?" मित्र म्हणाला, ज्याचं त्याने. हे उत्तर मला तेव्हा अव्यवहारी वाटलं होतं.

मग एक विक्रेता आला. याच्याकडे चकचकीत पत्रक होतं, त्यावर हिरवळ होती आणि हिरवळीवर एक गोरं कुटुंब आपल्याच सांडपाण्याजवळ हसत बसलं होतं. यंत्र छोटं होतं. एका टाकीत हवा सोडायची, हवेवर जगणारे जंतू मैला खातात, बाहेर पडणारं पाणी बागेला चालतं. हवा सोडायला ६० वॅटचा ब्लोअर, तो चोवीस तास चालू. म्हणजे दिवसाला जवळजवळ दीड युनिट.

"पावसाळ्यात सूर्य नसला तर?" मी विचारलं.

"बॅटरी आहे ना सर."

"बॅटरी उतरली तर?"

"फार वेळ बंद ठेवायचा नाही सर. जंतू मरतात."

बायको इतका वेळ शांत होती. "म्हणजे जुलैच्या रात्री बॅटरीत थोडीच वीज उरली," ती म्हणाली, "तर पंखा बंद करायचा आणि जंतूंना वारा घालायचा?" विक्रेत्याने पत्रकाची घडी घातली. जाताना त्याने आम्हाला मोठा सौर संच विकणाऱ्या दुसऱ्या माणसाचा नंबर दिला.

त्याच्यापाठोपाठ आणखी एकाने अंटार्क्टिकाचं नाव काढलं. ही थाप नाही. संरक्षण संशोधन खात्याच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने बर्फातही काम करणाऱ्या जंतूंची जी फौज तयार केली, तिच्यात अंटार्क्टिकाहून आणलेले जंतूही होते. सियाचिनच्या जवानांसाठी ती कामाला आली, आणि २०११ पासून रेल्वेच्या डब्यांखाली बसायला लागली. हवा नको, वीज नको. सियाचिनमध्ये टिकणारा जंतू कणकवलीच्या उकाड्यात काय करेल, अशी मला शंका होती. पण असे जंतू उबेत जास्तच जोमाने काम करतात म्हणे, म्हणजे कोकणात आल्यावर अंगात आळस न शिरणारे पाहुणे हेच पहिले. फक्त त्यांच्या टाकीतून निघणारं पाणीही शेवटी जमिनीतच मुरवावं लागतं. म्हणजे अंटार्क्टिकाला जाऊन आलं तरी गाडी पुन्हा शोषखड्ड्यापाशीच.

सर्वांत उत्साही होता तो मेव्हणा. त्याच्या मते हा कचरा नव्हताच, इंधन होतं. "दाजी, गॅस करा गॅस!" मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस केला होता, हे त्याने वाचलं होतं. देहूला वैद्यकीय अधिकारी म्हणून गेलेले आणि गावाच्या संडासांसाठी आयुष्य वेचलेले डॉ. सुहास मापुसकर, त्यांनी प्रसार केलेलं 'मलप्रभा' संयंत्र, २०१७ साली त्यांना मरणोत्तर मिळालेली पद्मश्री, हेही त्याला पाठ होतं. मापुसकरांबद्दल मलाही आदर आहे. पण मी हिशोब मांडला. एका माणसापासून रोज साधारण ३० लिटर गॅस मिळतो. आम्ही घरात चौघं, म्हणजे १२० लिटर. शेगडीला तासाला अडीचशे-तीनशे लिटर लागतो.

"म्हणजे पंचवीस-तीस मिनिटं," मी म्हणालो. "चहा आणि फार तर पिठलं. भात लावायचा तर पाहुणे बोलवावे लागतील."

"मग बोलवा की!" मेव्हणा म्हणाला. पाहुणचाराचा असा परतावा मी तरी प्रथमच ऐकत होतो. पाहुणा जेवून गेला तर तोटा, राहून गेला तर फायदा.

"मी त्या गॅसवरचा चहा घेणार नाही," सासूबाईंनी जाहीर केलं.

"आई, त्या ज्योतीला वास नसतो."

"वास नसेल. पण मला माहीत आहे ना!"

गोठा असता, दोन म्हशी असत्या, तर हिशोब वेगळा झाला असता. आमच्याकडे म्हैस नाही. आणि मैल्याच्या गॅस-टाकीतूनही रबडी बाहेर येते. तेव्हा गवंड्याने विडी विझवलीच होती. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. प्रश्न मला पाठ झाला होता.

खरं तर या सगळ्या गोतावळ्यात तो एकच माणूस मुद्द्याचं बोलत होता. बाकीच्यांची चर्चा मैला कुठे जाईल याची होती. तो विचारत होता, कोणाच्या हातून जाईल. या देशात शेकडो वर्षं या प्रश्नाचं उत्तर तयार होतं म्हणून कुणाला तो पडतच नव्हता. पुण्या-मुंबईच्या वाड्यांना मागे एक बोळ असे, त्या बोळातून टोपली उचलायला माणूस येई, आणि तो कोण असणार हे त्याच्या जन्माआधी ठरलेलं असे. कणकवलीत राहून हा विषय टाळता येत नाही, कारण अप्पासाहेब पटवर्धनांचा गोपुरी आश्रम इथलाच. अप्पासाहेब १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. भंगीकाम आपल्याला करू द्या म्हणून त्यांनी तिथे अन्न सोडायची वेळ आणली, आणि येरवड्यात गांधीजीही त्यांच्यासाठी उपाशी राहिले. कोकण गांधी म्हणून लोक त्यांना ओळखतात. पुढे त्यांनी लोकांना नुसता उपदेश केला नाही, सोपा संडास करून दाखवला. हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्ध १९९३ मध्ये एक कायदा झाला आणि २०१३ मध्ये त्याहून कडक दुसरा. तरीही टाकीत उतरलेली माणसं विषारी वायूने गुदमरून मेल्याची बातमी वर्तमानपत्रात येतच राहते. आपण ती वाचतो आणि पान उलटतो.

म्हणून आम्ही प्रश्न उलटा केला. जी व्यवस्था मला स्वतःला, या वयात, फावडं घेऊन, जेवणाआधी साफ करता येईल, तीच घरात घ्यायची. ही कसोटी लावल्यावर पत्रकं झपाट्याने कमी झाली. उरला तो दोन खड्ड्यांचा संडास. एक खड्डा वापरात, दुसरा बंद. पाच माणसांच्या कुटुंबाला एक खड्डा साधारण तीन वर्षं पुरतो. भरला की मधल्या चेंबरमध्ये वाट बदलायची आणि भरलेल्याला दीड-दोन वर्षं विश्रांती द्यायची. तेवढ्यात आतल्याची माती होते. कोरडी, बिनवासाची माती. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत अशाच खड्ड्यात उतरले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तो रिकामा केला. एरवी सचिवांची सही मिळवायला माणसं खड्ड्यात जातात. इथे उलटं झालं.

पण जमिनीला विचारल्याशिवाय खड्डा मारता येत नाही. छोटा खड्डा घ्यायचा, आदल्या दिवशी पाणी भरून माती भिजवायची आणि मग पाणी किती वेळात किती उतरतं ते मोजायचं. आमच्या जांभ्यात ओतलेली बादली घड्याळ काढेपर्यंत दिसेनाशी झाली. काका खूश. "काय शोषतेय जमीन!"

"शोषणा नाय, काका," गवंडी म्हणाला. "चिऱ्यात भोका आसत. हय घातलेला थय बावीत जाता."

त्याचं खरं होतं. पाणी सावकाश, मातीला चिकटत उतरलं तर जंतू वाटेत मरतात. भोकाभोकांतून धावत गेलं तर आपलं काल आपल्याच घागरीत परत येतं. मग खड्डे विहिरीच्या खालच्या उतारावर, पंधरा मीटरहून लांब नेले. तळ बंद केला आणि भोवती अर्धा मीटर बारीक वाळूचं कडं दिलं, म्हणजे जे जायचं ते वाळूतून गाळून जाईल. खोली ठरवायला काकांनी कोष्टक काढलं. गवंड्याने विहिरीच्या चिऱ्यावरची हिरवी रेघ दाखवली. श्रावणात पाणी तिथवर चढतं. खड्ड्याचा तळ त्या पाण्याच्या दोन मीटर तरी वर हवा, म्हणून खड्डे उथळ केले आणि जमिनीवर थोडे उचलून घेतले. काकांचं कोष्टक आणि ती रेघ एका वितीच्या आत जुळली. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. खात्यात असताना काकांना असा दुजोरा कधी मिळाला नसावा.

फ्लशची टाकी गेली. तिच्या जागी जास्त उताराचं भांडं आलं, त्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. न्हाणीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी खड्ड्यात सोडायचं नाही, नाहीतर खड्ड्याची विहीर होते. ते तेल अडवून, वाळू-खडीच्या वाफ्यातून केळींना आणि कर्दळीला दिलं. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने हेच शास्त्रशुद्ध करून 'फायटोरिड' नावाने पुढे आणलं आहे. कोकणातल्या प्रत्येक आजीने ते मागल्या दारी अळू लावून कधीच केलं होतं. फक्त त्याला कुणी तंत्रज्ञान म्हटलं नाही.

घरात आता एकच कडक नियम आहे: संडासात ॲसिड आणि फिनेल ओतायचं नाही. खड्ड्यात जे राबतात त्यांचा त्याने संहार होतो. चकचकीत फरशीवर वाढलेल्या माणसांना हे जड जातं. सासूबाई पहिल्या दिवशी फिनेलची बाटली पदराआड लपवून आणताना सापडल्या. आता ब्रशने घासतात आणि घासताना जंतूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्यांच्या आळशीपणाबद्दल बोलतात.

काम संपताना गवंड्याने झाकणांचं सिमेंट ओलं असताना खिळा हातात घेतला. "वरसाचा आकडो घालतंय. नाव खंयचा घालू?"

घराला आईचं नाव दिलेलं होतं. झाकणाला देवाचं द्यायला कुणी तयार होईना. तेव्हा गवंड्यानेच तोडगा काढला. ज्याने उपसायचं, त्याचं नाव. एका झाकणावर माझं आलं. दुसऱ्यावर कुणाचं, यावर बायको म्हणाली की गॅसची सगळ्यात जास्त हौस ज्याला होती त्याचं, आणि मेव्हण्याला बोलायला जागा उरली नाही.

सध्या माझा खड्डा चालू आहे. मेव्हणा महिन्यातून दोनदा येतो, चार-चार दिवस राहतो, पोटभर जेवतो, येताना मित्रांनाही आणतो. दर वेळी निघण्याआधी फोन करून एवढंच विचारतो, "दाजी, अजून तुमचाच चालू आहे ना?" त्याचा सुरू झाला की तो किती येतो, हे मला बघायचं आहे. गवंडी म्हणतो, बाकी कायव होवंदे, खड्डो मात्र तुमचो पयलो भरतलो.